सव्वापट काळा

मंगळवार, ४ सप्टेंबर

जाऊबाई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल असं धरून चालते. मोठ्या दिरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, आता जिना चढतात का?

तुमची चिठ्ठी काल टेम्पोवाल्याने आणून दिली. पाकिटावरचं तुमचं अक्षर बघून मी दोन मिनिटं ते हातातच धरून बसले. वर्ष झालं हो. फोन का केला नाहीत ते विचारत नाही. "या दुकानात मला तुझा आवाजसुद्धा नको" असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि शब्दाच्या तुम्ही पहिल्यापासून पक्क्या.

तर दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी एक चौकट दाखवतो, की पंधरा ऑक्टोबरनंतर या सिस्टिमचा सपोर्ट बंद. आणि तुम्ही धरून बसलात, की सोळा तारखेला रंगाचं मशिन थांबणार. आधी पाणी प्या. काही थांबत नाही. सोळा तारखेला कॉम्प्युटर सुरू होईल, डब्यात रंगही पडेल. बंद होतं ते एवढंच, की सिस्टिममध्ये सापडलेली भोकं कंपनी इतके दिवस बुजवत होती, ती आता बुजवणार नाही. त्या भोकांतून चोर शिरले तर तुमचं तुम्ही बघा, असं तिचं म्हणणं. म्हणून बँकेचं काम आणि मेल आजपासूनच त्या कॉम्प्युटरवरून बंद करा.

कोणत्या शेडमध्ये कुठला रंग किती घालायचा, त्या सगळ्या फॉर्म्युल्यांची नक्कल काढून ठेवा. एक नको, दोन काढा, आणि त्यातली एक घरी ठेवा. नुसती काढून भागत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. मी आता नोकरी करते त्या टाइल्सच्या दुकानात नक्कल म्हणून जपून ठेवलेली फाइल रिकामी निघाली होती, मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग मशिनच्या कंपनीला विचारा, त्यांचा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतो का आणि आपलं जुनं मशिन नव्या कॉम्प्युटरला जोडता येतं का. बहुतेक नाही म्हणतील.

म्हणजे तुमच्यापुढे दोन रस्ते. एक, जुना कॉम्प्युटर इंटरनेटची वायर काढून फक्त मशिनपुरता ठेवायचा आणि बिलांसाठी वेगळा आणायचा. कमी खटपटीचा रस्ता, बरीच वर्षं चालेल. दुसरा, सगळंच नवं घ्यायचं, मशिनसकट. तुमचा तो टाय लावणारा कॉम्प्युटरवाला दुसराच रस्ता दाखवतोय असं तुम्ही लिहिलंय. आता तुम्हाला काय शोभेल ते मी काय सांगणार? दुकानाच्या लाकडी दाराला काहीएक झालं नव्हतं तरी तुम्ही काचेचं बसवलंतच की. नव्या मशिनला दिवे असतात म्हणे.

ह्यांची चौकशी केलीत. बरे आहेत, घरीच असतात. त्या विषयावर मला आणखी लिहायचं नाही.

विचारलंत तेवढ्याचं उत्तर दिलं आहे.

तुमची,
धाकटी जाऊ


सोमवार, २९ ऑक्टोबर

जाऊबाई,

नमस्कार. चार दिवसांत तीन चिठ्ठ्या! टेम्पोवाला म्हणाला, "ताई, मला आता पोस्टमनचा डगला शिवा." पहिल्या चिठ्ठीत तुम्ही तोंडसुख घेतलंत, दुसरीत पोलिसांचं नाव काढलंत आणि तिसरीत मला 'बाळ' म्हणालात. बाळ! चोपन्न वर्षांची आहे मी. चष्म्याचा नंबर वाढलाय माझा.

काय झालंय ते तुम्ही कळवायची गरजच नव्हती. टाइल्सच्या दुकानाच्या काचेतून तुमचं दार सरळ समोर दिसतं. गेले दहा दिवस रंगारी भरलेले डबे परत घेऊन येताना बघतेय. खोटं कशाला सांगू, दुपारचं जेवण मी हल्ली काचेशीच बसून घेते, दोन घास जास्त जातात. वकीलबाईंच्या रंगाऱ्याने तर तुमच्या पायरीवर ड्रम असा आपटला, की आमच्याकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हॉटेलवाल्यांनी जिथे जिथे डागडुजी केली, तिथे भिंतीवर ठिगळ दिसतंय म्हणे. काळपट, मळक्या हाताने पुसल्यासारखं. जुन्या गिऱ्हाइकांना 'मागच्या वेळचाच रंग' हवा असतो आणि तुमचं नवं मशिन तो देत नाही. दिवे मात्र छान लागतात, इथूनसुद्धा दिसतात.

तुम्ही म्हणता, मी जाताना कॉम्प्युटरमध्ये काहीतरी कालवून गेले. छे हो! जाताना मी कशाला बोटही लावलं नाही. फॉर्म्युले होते तसे, एका ठिपक्याचाही फरक न होता नव्या कॉम्प्युटरवर आलेत. टायवाल्याने काम चोख केलंय, त्याच्यावर उगाच डाफरू नका. मशिनही चोख आहे. रंग बिघडलाय तो त्यामुळेच.

आता सगळं सांगते, नीट वाचा. हवं तर मोठ्या दिरांना मोठ्याने वाचून दाखवा.

चार वर्षांपूर्वीचं दवाखान्याचं काम आठवतं? चार वॉर्ड होते. ह्यांनी तिथल्या जुन्या भिंतीचा एक पोपडा आणला आणि दुकानाच्या खिडकीशी बसून थेंब थेंब रंग घालत दोन दिवसांत शेड जुळवली. राखाडीकडे झुकणारा हिरवा होता. आकडे कॉम्प्युटरला दिले आणि मशिनने ड्रम भरले. पहिल्याच ड्रमात काठी घालून हे म्हणाले, "वहिनी, हिरवा जास्त दिसतोय, काळा कमी पडलाय." मी बिलं लिहीत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही म्हणालात, "ट्यूबलाइटमुळे वाटतंय, भाऊजी. पाठवून द्या." दिला पाठवून. चारही वॉर्ड पोपटी झाले. दवाखान्याचे लोक भांडायला आले तेव्हा काउंटरला सात-आठ रंगारी उभे होते, त्या सगळ्यांदेखत तुम्ही हात वर केलेत आणि म्हणालात, "काय करणार, भाऊजींचे डोळे गेले."

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. तुम्ही बोलवायलाही आला नाहीत. ज्या माणसाला रंगारी 'मास्तर' म्हणायचे, दोन पांढऱ्यांमधला फरक जो दारातून सांगायचा, तो आज रोज सकाळी मला विचारतो, "हा शर्ट निळा आहे की करडा?" शर्ट निळा असतो, आणि त्यांना दिसतोही निळाच. पण 'निळा' म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, डोळे उत्तम आहेत. डॉक्टरांवर विश्वास नाही, तुमच्यावर आहे! वहिनी कशाला खोटं बोलतील, म्हणतात.

आणि तुम्हाला माहीत होतं. मशिनच्या मेकॅनिकने आठ दिवस आधी लेखी दिलं होतं, की काळ्या रंगाचा पंप झिजलाय, सांगितल्यापेक्षा कमी रंग सोडतोय, चार दिवस मशिन थांबवून बदलावा लागेल. ऐन सीझन होता. 'नंतर बघू' असं लिहून तुम्ही खाली सही केलीत. तो कागद माझ्याकडे आहे.

नंतर कसलं बघताय! तो पंप तुम्ही कधी बदललाच नाहीत, कारण रंग आपोआप बरोबर यायला लागले. यंत्राला काय सर्दी झाली होती, चार दिवसांत बरी व्हायला? अहो, मी प्रत्येक फॉर्म्युल्यात काळा वाढवून घालत होते. पंप कमी सोडतो, म्हणून आकडा सव्वापट. पुढे तो आणखी झिजला, तेव्हा दीडपट. तुमच्या कॉम्प्युटरमधला त्या तीन वर्षांतला एकेक आकडा त्या वाकड्या पंपाच्या मापाने वाकडा केलेला आहे. गेल्या वर्षी तुम्ही चार लोकांत माझ्याकडून दुकानाची किल्ली मागून घेतलीत आणि म्हणालात, "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, बटण कोणीही दाबेल." तेव्हाच मनात म्हटलं, दाबा. ज्या दिवशी सरळ मशिन आणाल त्या दिवशी कळेल.

तुम्ही विचारलंत कॉम्प्युटरचं, मी सांगितलं कॉम्प्युटरचं. पंपाचं तुम्ही विचारलं नव्हतंत. जुनं मशिन भंगारात दिलंत ना?

कोणत्या शेडला किती काळा वाढवला, ते माझ्या वहीत आहे. त्या वहीशिवाय तुम्ही गिऱ्हाइकांपुढे हात जोडत राहाल आणि मी जेवत राहीन. वही हवी असेल तर मला पैसा नको, नोकरी नको. घरी या. ह्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, पंप खराब होता, मला माहीत होतं, मी खोटं बोलले, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. त्यातला एकही शब्द गाळायचा नाही.

तुम्ही याल, मला खात्री आहे.

तुमची,
जिला 'बटण कोणीही दाबेल' म्हणालात ती


गुरुवार, ८ नोव्हेंबर

जाऊबाई,

नमस्कार. रविवारी अकरा वाजता येताय, वाचलं. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदून ठेवलंय, तेव्हा मागच्या बाजूने या. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, वहिनी सहज भेटायला येणार आहेत एवढंच बोलले. खूश झाले. मलाच चीड आली, तुमच्यासाठी कसले खूश होता म्हणून. दाढी करायची आहे म्हणाले.

तुमच्या चिठ्ठीत शेवटी ती एक ओळ कशाला? 'तुला हे नक्की कधी कळलं?' कळलं कधीतरी. गुन्हा तुम्ही केलात आणि जबानी माझी घेताय?

येताना मोठ्या दिरांना आणायची गरज नाही. तुम्ही एकट्या पुरे.

मी हे पत्र सकाळी इथेच संपवलं होतं. दुपारी पुन्हा उघडलं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही बोट ठेवलंत की उचलणार नाही. शिवाय कागदावर तारीख आहेच. तेव्हा ऐका आणि मनात ठेवा.

दवाखान्याच्या प्रकरणानंतर महिन्याने मला कळलं. मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला होता, तुम्ही बँकेत गेला होतात. "पंप अजून बदलला नाही का?" म्हणत त्याने बॅगेतून त्या कागदाची प्रत काढून दाखवली. मी ती मागून घेतली, त्याने खाली त्या दिवसाची तारीख टाकून दिली, आणि मी पर्समध्ये घातली. जाऊन ह्यांच्या हातात ठेवायची असं ठरवलं होतं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं.

पण त्याच महिन्यात मी ह्यांच्या जागेवर बसायला लागले होते. बावीस वर्षं मी त्या दुकानात बिलं लिहिली, जाऊबाई. काउंटरच्या टोकाला, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे. कोणी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, तुम्ही तर नाहीच. आणि आता रंगारी विचारत होते, "बाईंना दाखवा, बाई जुळवतील." मला जमत होतं हो! ह्यांच्याकडे बघून बघून शिकले होते, ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने पहिल्यांदा 'मास्तरीणबाई' म्हणून हाक मारली. मी घरी गेले. हे खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. कागद दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या खिडकीशी बसले असते आणि मी पुन्हा बिलांपाशी.

म्हटलं, उद्या दाखवू. मग म्हटलं, सीझन संपला की. मग ज्या दिवशी दाखवला असता त्या दिवशी 'इतके दिवस काय केलंस?' हे ऐकावं लागलं असतं, आणि तो आकडा रोज वाढतच चालला. तुम्ही मला काढल्यावर तरी दाखवायचा. तेव्हा तर तोंडच राहिलं नव्हतं.

झालं समाधान? आता मला झोडायला तुमच्या हातात काठी आली, हे मला कळतं. पण वही माझ्या कपाटात आहे. रविवारी पंपाचं बोला, डोळ्यांचं बोला. माझ्याबद्दल अवाक्षर काढलंत तर ती वही मी तुमच्यादेखत पाण्याच्या बादलीत बुडवेन, आणि मग तुम्ही आणि तुमचं दिव्यांचं मशिन काय ते बघून घ्या.

रविवारी अकरा. उशीर नको.

तुमची,
तुमच्यापेक्षा काही फार वेगळी नसलेली


सोमवार, ३ डिसेंबर

जाऊबाई,

नमस्कार. तुम्ही कशा आहात, हे या वेळी खरंच विचारतेय.

हे पत्र तीन आठवडे लिहायचं टाळलं. तुम्ही शब्द पाळलात, ते आधी लिहून टाकते. पंपाचं बोललात, स्वतः खोटं बोललात ते कबूल केलंत, डोळ्यांचं बोललात. मध्ये रडलात, ते मी सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला तसं खाली मान घालून बसलेलं बघायला मी चार वर्षं जागी होते, आणि त्या पाच मिनिटांत मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मनात म्हणत होते, आणखी बोला, आणखी.

माझ्याबद्दल तुम्ही खरंच काही काढलं नाहीत. काढायची वेळच आली नाही. ह्यांनी कागद मागितला, दोनदा वाचला, घडी घातली आणि एखाद्या डब्याबद्दल विचारावं तसं तुम्हाला विचारलं, "मग पंप बदलला कधी?" तुम्ही म्हणालात, "बदललाच नाही, आता मशिनच नवं आणलं." आणि ते म्हणाले, "मग मधली तीन वर्षं काळा बरोबर कसा पडत होता?"

माझं कपाळ! इतका सगळा डाव मांडला, तुमच्या चिठ्ठ्यांतल्या शब्दाशब्दाला उत्तर तयार ठेवलं, आणि हे विसरले की माझा नवरा त्या मशिनसमोर पंचवीस वर्षं उभा होता. त्याला हा प्रश्न पडणारच. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलात, ते माझ्या लक्षात आहे. पण खोलीत तिसरं होतं कोण? त्यांनी कागदावरची तारीख पुन्हा वाचली आणि माझ्याकडे वळले. मी चहा टाकायचं निमित्त करून उठले.

तुम्ही गेल्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एकच वाक्य बोलले. "वहिनींनी मला एकदा फसवलं, तू रोज." मी खूप बोलले. बावीस वर्षांचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, रडले, भांडले, तुमच्या नावाने शंख केला. ते ऐकत होते. मग उठून कपाटातून वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. एका ठिकाणी थांबून "हे बरोबर केलंस" म्हणाले. वहीला म्हणाले की मला, कळलं नाही. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते तुमच्याकडे येतायत. मी पाठवलं नाही, तुम्ही बोलावलं नाहीत, आपल्या पायांनी आले. टेम्पोवाला सगळं सांगतो. जुना कॉम्प्युटर टायवाला घेऊन चालला होता, तो ह्यांनी थांबवला म्हणे. कोणती शेड कोणत्या तारखेला केली ते त्यातच दिसतं, म्हणून वायर काढून कोपऱ्यात ठेवून घेतला, आणि वही पुढ्यात घेऊन एकेक फॉर्म्युला सरळ करतायत. आकड्यावर विसंबत नाहीत, प्रत्येक शेड दारात उन्हात धरून बघतात. ते मला इथून दिसतं. हॉटेलवाले परत आले. वकीलबाईंचा रंगारी परवा आला तेव्हा 'मास्तर' अशी हाक मारली, ती रस्त्यापलीकडे मला ऐकू आली. तुमचं दुकान बुडवायला निघालेल्या बाईने तुमच्या दुकानाला मास्तर परत मिळवून दिला. हसा, तुमचा हक्क आहे.

सकाळी उठतात, शर्ट काढतात, घालतात, जातात. विचारत नाहीत कुठला रंग. मला वाटायचं, ज्या दिवशी हा प्रश्न बंद होईल त्या दिवशी मी जग जिंकलं. संध्याकाळी येतात, ताटातलं सगळं जेवतात, भांडी विसळून ठेवतात. मीठ जास्त झालं तरी बोलत नाहीत. मी मुद्दाम जास्त घालून बघितलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, जाऊबाई, आणि करणारही नाही. ते चार वॉर्ड आणि ती किल्ली मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्हीही मला माफ करू नका, आपलं तेवढं तरी नीट राहू दे.

पण एक विचारायचं आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? परवा दुपारी तुम्ही काउंटरवर त्यांच्याशी काहीतरी बोललात आणि ते हसले. चांगले मान मागे टाकून हसले. काचेमुळे मला ऐकू आलं नाही. तुम्ही काय म्हणालात, आणि ते काय म्हणाले, तेवढं लिहून कळवा. जसंच्या तसं कळवा, काही गाळू नका.

टेम्पोवाल्याला दारात थांबवून ठेवलं आहे, उत्तर त्याच्याच हाती द्या.

तुमची,
धाकटी